कपारीबाहेरच्या चपला

चौतीस वर्षांच्या नोकरीत किती पंचनामे केले ते आता मलाच सांगता येणार नाही. बहुतेक सगळे विसरलो, आणि विसरलो तेच बरं झालं. ही एक घटना मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. चूक झाली होती आणि ती माझी होती. त्या चुकीपायी एक बाई मरता मरता वाचली, म्हणून हे लिहितो आहे. नावं कुणाचीच देणार नाही. डोंगराचं नाही, वस्तीचं नाही, ठाण्याचंही नाही. कारण पुढं येईल.

तेव्हा मी सिल्लोड-फर्दापूर भागातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मे महिना, डोंगर भाजून निघालेला, आणि ठाण्यात मनुष्यबळ कधीच पुरेसं नसतं तसं तेव्हाही नव्हतं. अर्धे लोक जत्रेच्या बंदोबस्ताला गेलेले. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास शहरातून फोन आला. बजाजनगरमध्ये राहणारी पन्नाशीची एक बाई गुरुवारी सकाळपासून घरी नाही, मुलानं मिसिंग दाखल केली आहे, आणि मोबाइलचं शेवटचं लोकेशन तुमच्या हद्दीतल्या टॉवरचं आहे.

मुलाशी मी फोनवर बोललो. वाळूजला कंपनीत कामाला, आवाजावरून सरळ माणूस वाटला. घरात काही भांडण झालं होतं का, हे आम्ही सगळ्यात आधी विचारतो. तो म्हणाला, "झालं होतं साहेब. बहिणीला नववा महिना चालूय. आधीची दोन बाळं गेली तिची. सरकारी दवाखान्यात भरती केलंय, बीपी लई वर जातंय. आई म्हणाली मी आसरांना नवस बोलते. मी चिडलो. म्हटलं दवाखान्यात बसायचं सोडून दगडाच्या नादी लागतेस, तू असलीस काय नि नसलीस काय."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाय म्हणाली. भांडी घासत बसली. सकाळी उठलो तर घरात नव्हती."

एवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात अर्धी केस तयार झाली. मुलगा टाकून बोलला, आई घर सोडून गेली. अशा घरांतून मी किती बायका विहिरींतून वर काढल्या होत्या! अनुभव ही मोठी गोष्ट आहे असं आम्ही नव्या पोरांना सांगतो. पण अनुभवी माणूस पुढचं न बघताच पुढचं सांगायला लागतो, हे कुणी सांगत नाही.

दुपारी खबर मिळाली. सिल्लोडकडून डोंगराकडं सवारी मारणाऱ्या एका जीपवाल्यानं आमच्या हवालदाराला सांगितलं, की काल दहा वाजता असली एक बाई फाट्यावर उतरवली. हातात पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी वर दिसत होती. कुणाला काही न विचारता ती सरळ नाल्यानं डोंगराकडं चालत गेली, जणू रोजचा रस्ता. आमचे हवालदार सिल्लोडचेच, मुसलमान, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आणि माझ्याहून शंभरपट शांत. ते म्हणाले, "साब, उस तरफ धनगरवाडा है. और पहाड में कुछ पानी का है, बुजुर्ग लोगां बोलते थे. मैं तो देखा नहीं."

वस्तीवर गेलो. आठ-दहा घरं. पुरुष मेंढ्यांमागं रानात गेलेले, घरी बायका. पाण्याची कुठं जागा आहे का म्हणून विचारलं तर प्रत्येकीनं तेच उत्तर दिलं. "आमाला नाय ठावं साहेब. आमी टँकरचं पाणी पितो." अंगणात रांजण काठोकाठ भरलेले होते आणि टँकर त्या वस्तीवर आठ दिवसांत फिरकला नव्हता. खोटं बोलतायत हे कळत होतं, पण का, ते कळेना. तिथं वेळ न घालवता आम्ही जीपवाल्यानं दाखवलेल्या नाल्यानं वर चढलो.

अर्ध्या तासानं कड्याच्या पायथ्याशी ती जागा सापडली. काळ्या खडकात कमरेएवढी कपार. बाहेर दगडात कोरलेली एक लांबट डोणी, मेंढ्यांना पाणी पाजायची, अजून ओलसर. बाजूला एक मोठी चपटी शिळा उभी करून ठेवलेली. आणि कपारीच्या तोंडाशी, अगदी जुळवून, चवडे आतल्या बाजूला करून काढून ठेवलेल्या बाईच्या निळ्या रबरी चपला.

त्या बघितल्या आणि माझ्या दृष्टीनं केस संपली. सांगतो का ते. विहिरीत जीव देणारं माणूस बहुतेक वेळा काठावर चप्पल काढतं. का काढतं देव जाणे. आणि नीट जुळवून ठेवतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तीन दिवस जेवण गेलं नव्हतं. नंतर सवय झाली. पुढं पुढं तर काठावर जुळवलेली चप्पल दिसली की आम्ही मिसिंग मिटवून अकस्मात मृत्यूचा कागद काढायचो.

हवालदार आणि मी बॅटरी घेऊन आत शिरलो. दहा-बारा पावलं वाकून जावं लागलं, मग छत वर गेलं आणि पायाखालची जमीन उतरायला लागली. बाहेर अंग भाजत होतं, आत एकदम गारवा. अजून वीस पावलं, आणि हवालदारांनी माझा दंड धरला. "साब, बस. पानी है."

असं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. तळंच होतं ते. डोंगराच्या पोटात, छताखाली, काळंभोर आणि एकही तरंग नसलेलं. बॅटरीचा झोत जाईल तिथपर्यंत पाणी, आणि झोत संपला तरी पुढं पाणीच असणार असं वाटत होतं. उजव्या हाताला भिंत वळून पलीकडं गेलेली, तिकडचं काही दिसत नव्हतं. कुठंतरी एक थेंब पडायचा आणि त्याचा आवाज सगळीकडून यायचा. मला पोहता येत नाही. खोटं कशाला बोलू, कधी एकदा बाहेर पडतो असं झालं.

आम्ही दोन-तीन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. हवालदार नाक वर करून उभे होते. "साब, तेल की बास आ रही. दिये की."

"लावला असेल उडी मारायच्या आधी," मी म्हणालो.

"कल की बास आज तक रहती क्या?"

"बंद जागा आहे. राहते. या बाईनं जीव दिला, लिहून घ्या. उद्या सकाळी गळ टाकू."

हे वाक्य मी त्या तळ्याच्या काठी उभं राहून, चांगल्या खणखणीत आवाजात बोललो. आज ते आठवलं की मान खाली जाते.

बाहेर येऊन रीतसर पंचनामा केला. जीपवाला आणि त्याच्यासोबतचा एक माणूस पंच. चपला मोजून-मापून पिशवीत घातल्या, सील केल्या, पंचांच्या सह्यांचं लेबल लावलं. शहरातून पाणबुडे मागवले, ते म्हणाले सकाळी दहापर्यंत येतो. जागेवर एक शिपाई ठेवायला हवा होता, पण माझ्याकडं माणूस नव्हता. मेलेल्या बाईला कशाला पहारा, असंही मनात आलं. मग मोबाइलला रेंज आली तिथं थांबून मी मुलाला फोन लावला. त्याला म्हटलं, "मन घट्ट करा. आईनं पाण्यात जीव दिलाय असं दिसतंय. सकाळी या."

पलीकडं तो मोठ्यानं रडायला लागला आणि मागं एका बाईचा आवाज आला, "काय झालं रं? सांग ना, काय झालं?" मी फोन ठेवला. असे फोन मी शेकड्यांनी केले होते.

शनिवारी सकाळी दहा वाजता पाणबुड्यांना घेऊन आम्ही कपारीपाशी पोचलो आणि मी जागच्या जागी थबकलो. कपार नव्हतीच. ती चपटी शिळा तोंडावर बसवलेली, फटीत दगड ठोकलेले, आणि वर बोरी-बाभळीच्या काट्यांचा हा एवढा ढीग. आधी आलो नसतो तर तिथं तोंड आहे हे कळलंही नसतं.

आता माझं डोकं दुसऱ्या दिशेला धावलं. रात्रीतून कुणीतरी जागा बुजवली, म्हणजे कुणालातरी काहीतरी लपवायचं आहे. म्हणजे बाईनं जीव दिला नाही, तिचा जीव घेतलाय. वस्तीतल्या बायका खोटं का बोलल्या त्याचाही उलगडा झाला, असं मला वाटलं. मी हुकूम सोडला, "कुणीही कशाला हात लावायचा नाही. शिळेवर ठसे असतील. न्यायवैद्यक पथक येऊ द्या, श्वानपथक येऊ द्या, मग उघडू." नियमाला धरून होतं ते. तपासाच्या वर्गात याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पाणबुडे सावलीला जाऊन बसले.

मुलगाही आला होता. डोळे सुजलेले, अंगात चुरगळलेला शर्ट. म्हणाला, "साहेब, काल तुमचा फोन आला तेव्हा मी ताईपाशीच उभा होतो. तिला कळलं. बीपी वाढलं, रात्रीच ऑपरेशन केलं. बाळ पेटीत ठेवलंय. डॉक्टर काहीच सांगत नाहीत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि धीर धरा म्हणालो. माझं लक्ष शिळेकडं होतं.

वस्तीवर जाऊन एका म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. पासष्टीचा, उंच, खांद्यावर घोंगडं, मेंढक्याची काठी हातात. त्याच्या तळव्यांत बोरीचे ताजे काटे रुतल्याच्या खुणा होत्या. वस्तीच्या पारावर लिंबाखाली मी त्याला समोर बसवलं.

"शिळा कुणी लावली?"

"मला नाय ठावं."

"हात दाखव. हे काय?"

"बोरीच्या काट्या तोडल्या मेंढरांच्या वाडग्याला. रोजच तोडतो."

"आत पाणी आहे हे माहीत आहे ना?"

"कसलं पानी साहेब? ह्या डोंगरात पानी असतं तर आमी कशाला वणवण केली असती?"

अशी दोन तास टोलवाटोलवी चालली. मी आवाज चढवला, तो जमिनीकडं बघत बसला. मी गोड बोललो, तरी तो जमिनीकडंच बघत बसला. चौकशीत खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हा कमी कमी बोलत चालला होता. एकदा माझा तोल गेला आणि मी त्याच्या कानाखाली ओढली. त्याच्या सुना दारात उभ्या होत्या. तो हललाही नाही. हवालदार माझ्याकडं नुसते बघत राहिले. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

एक वाजत आला होता. मी कंटाळलो, चपलांची सीलबंद पिशवी मागवली आणि त्याच्यापुढं पारावर आपटली. "मग ह्या कुणाच्या? ह्याही माहीत नाहीत?"

म्हाताऱ्यानं पिशवीतल्या निळ्या चपलांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. दोन तासांत पहिल्यांदाच माझ्याकडं बघत होता.

"ह्या तुमच्याकडं कशा?"

"प्रश्न मी विचारतोय."

"साहेब, ह्या तुमच्याकडं कशा आल्या? कुनी उचलल्या?"

"मी उचलल्या. काल चार वाजता. मुद्देमाल आहे तो."

त्यानं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "आरं देवा! आरं साहेबा, काय केलंस रं! आत बाई हाय! जित्ती हाय ती!" आणि उठून पळतच सुटला. शिपायानं त्याला धरलं तर त्यालाही दहा पावलं ओढत घेऊन गेला. मी ओरडलो, "सोडा त्याला!" आणि आम्ही सगळे त्याच्यामागं पळालो.

चढावर धापा टाकत, तुटक तुटक त्यानं जे सांगितलं ते असं. ते पाणी साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं. तिथं कुणी चप्पल घालून जात नाही. आत जाताना चपला चवडे आत करून तोंडाशी ठेवायच्या. म्हणजे बाहेरच्याला कळतं, आत माणूस आहे, शिळा लावायची नाही. येणारा आपल्या चपला घालून निघून जातो. तोंडाशी चपला दिसल्या नाहीत की शेवटचा मेंढका शिळा लावतो. बिबट्या आत शिरू नये, कोकरू पडून पाणी नासू नये म्हणून. त्याच्या आजापासूनची ही रीत.

"पण परवापासून बाई आत आहे हे माहीत असून हाक नाही मारली?"

"मुका उपास असतो तो! लेकीबाळीसाठी बाया बसत्यात, हिकडनं लगीन होऊन गेलेल्याबी येत्यात. एक दिवस बसायचं, दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली की उठायचं. तवर बोलायचं नाय, कुनी हाक मारली तरी ओ द्यायची नाय. बोलली तर नवस मोडला. परवा सांजंला चपला बघितल्या, काल सकाळी बघितल्या. शिळा लावली नाय. काल सांजंला आलो, चपला नव्हत्या. म्हटलं, बाई गेली. वर बुटांची पावलं दिसली, तुमची. लई भ्यालो. सरकारी माणसं आली, आता इथं मोटार बसवून आमचं पानी नेनार. म्हणून काट्या टाकल्या. म्हणून खोटं बोललो."

आम्ही हाका मारल्या तेव्हा ती बाई पलीकडं बसलेली होती. आमचा शब्द न् शब्द ऐकत होती. दिवेलागणीला उठून निघणार होती. आणि त्याआधी मी तिच्या चपला सील करून घेऊन गेलो होतो. एवढंच नाही, सकाळी दहापासून एक वाजेपर्यंत मी स्वतः कुणाला शिळेला हात लावू दिला नव्हता.

मागून मुलगा ओरडत होता, "साहेब, तिला शुगर आहे! गोळ्या पिशवीतच असतात तिच्या. उपाशीपोटी घेतल्या तर भोवळ येते तिला. वेळ झाली की घेतेच ती, चुकवत नाही!" म्हणजे दोन दिवसांचा उपास आणि वर गोळ्या. मला डॉक्टरी कळत नाही, पण एवढं कळत होतं की हे वाईट आहे.

काटे हातांनीच ओढले. पहार वस्तीवर राहिलेली, ती आणायला एकजण धावला, पण थांबलं कोण! पाणबुडे, शिपाई, मुलगा, म्हातारा, सगळ्यांनी मिळून शिळा कलती केली. ठशांचा विचार माझ्या मनातही आला नाही. आतून गार हवा आली. आवाज आला नाही.

"आई!" मुलगा ओरडला. "आई गं!"

थेंब पडला. बाकी काही नाही.

म्हातारा पुढं झाला. तळ्याच्या काठाला आल्यावर तो उजवीकडं वळला आणि भिंतीला पाठ लावून सरळ पाण्यात उतरला. "ह्या अंगाला पायरी हाय. भिंत सोडू नगा. डावीकडं लई खोल हाय." पाणबुडे त्याच्यामागं गेले, मुलगा गेला. हवालदार म्हणाले, "साब, आप नक्को. आप को तैरना नहीं आता." मी उतरलो. दुसरं काय करणार होतो? पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं, कमरेला आलं. बुटात दगड घातल्यासारखे पाय जड झाले. छत इतकं खाली आलं की मान वाकडी करावी लागली. बॅटरीचा उजेड पाण्यावरून छतावर हलत होता आणि मला एकच शब्द सुचत होता, जिवंत असू दे, जिवंत असू दे. तीस वर्षांत देवाकडं असं काही मागितलं नव्हतं.

भिंत वळली आणि पलीकडं कोरडा ओटा दिसला. शेंदूर लावलेले सात दगड. पुढं हिरव्या बांगड्या, खण, फोडलेला नारळ. विझलेली पणती. आणि त्या दगडांच्या पायाशी पदर उशाला घेऊन कुशीवर पडलेली बाई. नखं तुटलेली, बोटं खरचटलेली. शिळेशी झगडून ती पुन्हा त्या सात दगडांपाशी येऊन पडली होती.

मुलगा तिच्या अंगावर पडला. म्हाताऱ्यानं त्याला बाजूला केलं, तिच्या गालावर थापट्या मारल्या. अंगाला घाम, हातपाय गार. पापणी हलली. म्हाताऱ्यानं कनवटीचा गुळाचा खडा काढला, ओंजळभर तळ्याच्या पाण्यात कुस्करला आणि बोटानं तिच्या ओठांना लावत राहिला. एकदा. दोनदा. कितीदा ते मला माहीत नाही. आम्ही सगळे गुडघ्यावर बसून त्या बोटाकडं बघत होतो. शेवटी तिनं गिळलं. अजून गिळलं. डोळे उघडले आणि मुलाला बघितलं.

"ताईचं काय झालं रं?" हेच तिचं पहिलं वाक्य.

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. आणि मी, ज्यानं काल न बघता तिला मारलं होतं, मी पुन्हा न बघताच बोललो, "सुखरूप आहे मावशी. दोघंही सुखरूप आहेत." तिनं डोळे मिटले. पाणबुड्यांनी तिला पाठीवर घेतलं.

तिला सिल्लोडला दाखवून तिथून शहरात हलवलं. रात्री मी ठाण्यात बसून स्टेशन डायरी लिहिली. वरिष्ठांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई सापडली ना? मग चपलांचं कशाला लिहितोस? लिही की खबरीवरून शोध घेतला आणि सुटका केली." सल्ला वाईट हेतूनं दिलेला नव्हता. पण मी जसं झालं तसंच लिहिलं. चपला मी उचलल्या. पहारा मी ठेवला नाही. शिळा मी उघडू दिली नाही. फोन मी केला. पुढं खात्याकडून मेमो आला, उत्तर दिलं, ताकीद मिळाली. मोठेपणा म्हणून सांगत नाही. ती ताकीद फारच स्वस्तात पडली.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याकडं गेलो. एकटा, साध्या कपड्यांत. म्हटलं, "बाबा, काल हात उचलला, चुकलो." तो मेंढराच्या पायातला काटा काढत होता. काम न थांबवता म्हणाला, "व्हय, लागली जरा. जाऊ द्या." थोड्या वेळानं वर बघून म्हणाला, "तेवढं पाण्याचं कुनाला सांगू नका साहेब. लोकं फोटू काढायला येतील." मी शब्द दिला. म्हणून या लेखात ना डोंगराचं नाव आहे, ना वस्तीचं. माहीतगारांनीही कृपा करून अंदाज बांधत बसू नये.

या केसनं काय शिकवलं, असं मला नव्या भरतीची पोरं विचारतात. मी त्यांना सांगतो, की माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला मयत म्हणू नका. ज्या गावात जाल तिथली वस्तू उचलण्याआधी ती तिथं का ठेवली आहे हे तिथल्याच माणसाला विचारा. हे सगळं खरं आहे आणि पोरं मान डोलवतात. पण मला जे शिकायचं होतं ते मी पाचव्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात शिकलो.

बाळ अजून पेटीत होतं. मुलगी झाली होती. डॉक्टरांनी त्याच सकाळी पहिल्यांदा, मायलेकी दोघींनाही आता भीती नाही, असं म्हटलं होतं. बाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती, बोटांना पट्ट्या, कुणीतरी आणून दिलेल्या नव्या चपला पायात. मी ओळख सांगितली. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं.

"आवाज ओळखला," ती म्हणाली. "तळ्यावर तुमीच बोलला होता. ह्या बाईनं जीव दिला, लिहून घ्या."

"हो मावशी."

"लई तोंडाशी आलं होतं, की मी हाय म्हणून. हात दाबून धरला तोंडावर. माझ्या एका शब्दानं लेकराचं बरंवाईट होईल म्हटलं. तुमच्या त्या फोनचं पोरानं सांगितलं मला."

मी माफी मागायला गेलो होतो. वाक्यं पाठ करून गेलो होतो.

तिनं काचेपलीकडं बघितलं. आत ती एवढीशी पोर नळ्यांमध्ये पडलेली, छाती वरखाली होत होती. मग माझ्याकडं न बघता, अजिबात आवाज न चढवता तिनं विचारलं, "साहेब, मी तिच्यासाठी दोन दिवस गप बसले. तुमाला एक रात गप बसायला काय झालं होतं?"